पत्राखालचं नाव

दुसऱ्याचं पत्र वाचू नये, असं माझ्या आईनं मला लहानपणी बजावलं होतं. मोठेपणी मी कुंभकोणम्‌च्या कोर्टात एकतीस वर्षं तेच केलं, आणि सरकारनं त्याचा मला पगार दिला. आई हयात होती तोवर तिला हे काही पटलं नाही.

मी कोर्टाचा मोडी ट्रान्सलेटर होतो. आमचे पूर्वज राजाबरोबर तंजावरात आले. पुढे इंग्रजांनी राज्य खालसा केलं, राजवाड्यातले कारकून घरी बसले आणि त्यांनी जन्मभर लिहिलेले कागद पेट्यांत पडले. ते तसेच पडून राहिले असते तर मला पोटापाण्याचं दुसरं काही बघावं लागलं असतं. पण राजा गेला म्हणून भाऊबंदकी जात नाही. शेत कोणाचं, घर कोणाचं, देवळात पहिला मान कोणाचा, असा तंटा निघाला की पेटी उघडायची, आणि आतून बोरूनं लिहिलेला, झुरळांनी कडा खाल्लेला मोडी कागद बाहेर यायचा. न्यायाधीश तमिळ, नाहीतर तेलुगू, मधूनच एखादा साहेब. वकील बहुतेक तमिळ. वाळवी लागलेल्या तुळईकडे बघावं तसे ते सगळे त्या अक्षरांकडे बघत बसायचे. मग शिपाई व्हरांड्यात येऊन "रायर" म्हणून हाक मारायचा. तिकडे आम्हा मराठी लोकांना रायर म्हणतात. मी उपरणं सावरून, जरा वेळ लावूनच आत जायचो.

वासरांत लंगडी गाय शहाणी, हे मला ठाऊक होतं. पुण्याकडचा एखादा जुना चिटणीस समोर उभा राहिला असता तर माझी भंबेरी उडाली असती. पण तिकडून कोणी येत नव्हतं. एकदा एक पुणेकर गृहस्थ रामेश्वराला जाताना आमच्याकडे उतरले होते. माझं बोलणं ऐकून म्हणाले, "तुमची मराठी म्हणजे पेटीतल्या जुन्या शालूसारखी, घडीवर विरलेली." मी म्हटलं, "विरलेला असेल, पण शालूच आहे." पुढे ते रामेश्वराला गेले आणि मी कोर्टात.

कोर्टात मी वाचीन ते खरं. मला खोटं पाडणारा त्या आवारात दुसरा माणूस नव्हता. एवढी मोकळीक मिळाली की माणूस एकतर सुटतो, नाहीतर स्वतःच स्वतःला वेसण घालून घेतो. मी वेसण घातली. वाचताना एक शब्द कमी केला नाही की पदरचा जास्त घातला नाही. याची मला घमेंड होती, आणि ती मी लपवतही नसे.

आता त्या पत्रांची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अडलं. आमच्याकडे मोठ्या माणसानं पत्र स्वतः लिहायचं नसे. तो सांगणार, कारकून लिहिणार. सगळं लिहून झालं की कारकून कागद पुढे सरकवायचा आणि मोठा माणूस बोरू घेऊन शेवटचे तीन शब्द तेवढे आपल्या हातानं लिहायचा: बहुत काय लिहिणे. तीच त्याची खूण. पत्राखाली नाव लिहायची पद्धत नव्हती. नाव वर मायन्यात येऊन गेलेलं असायचं. तेच पुन्हा खाली लिहिणं म्हणजे स्वतःच्याच ओटीवर उभं राहून आपण कोण ते ओरडून सांगण्यासारखं.

पुराव्याचा कायदा मात्र इंग्रजांनी केलेला, त्याला सही हवी. नवा न्यायाधीश बदलून आला की कागद उलटासुलटा करून विचारायचा, "सही कुठे आहे?" मग मी माझं व्याख्यान सुरू करायचो: कारकुनाचा हात कोणता, यजमानाचा हात कोणता, शेवटच्या तीन शब्दांची शाई वेगळी का दिसते. वकिलांच्या बारमधले एक वयस्क गृहस्थ माझं व्याख्यान सुरू होताच तपकिरीची डबी उघडायचे आणि ते संपलं की मिटायचे. आम्ही त्यांना डबीवाले म्हणत असू. माझे ते स्नेही होते. "आज डबी अर्धी झाली, रायर," असं मला बाहेर आल्यावर सांगायचे.

न्यायाधीश शेवटी माझं ऐकायचे, कारण कायद्यात आमच्यासाठी एक फट होती. कागद तीस वर्षांहून जुना असेल आणि जिथं असायला हवा तिथूनच निघाला असेल, तर तो ज्याचा म्हणतात त्याचाच आहे असं कोर्टाला धरून चालता येतं. आमच्या साऱ्या पेट्या त्या एका कलमावर उभ्या होत्या.

एके वर्षी त्या कलमालाच धक्का लागायची वेळ आली. कोर्टानं पुरावा कसा घ्यावा हे कोर्ट ठरवत नाही. ते ठरवतं कायदे कौन्सिल, तिकडे लांब कलकत्त्याला. आणि अधूनमधून ते मागं वळून बघतं, की आपण घालून दिलेल्या नियमांचं कोर्टात काय चाललंय. मला ही पद्धत आवडायची. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं खरी, पण निदान शेळ्यांना विचारायची तरी. त्या वर्षी तिकडून छापील कागद आला. नवे कागद चुलीवर धुरकटवून, कापीच्या, म्हणजे कॉफीच्या, पाण्यात भिजवून जुने म्हणून कोर्टात आणतात, अशी तक्रार होती. आमच्या गावाचं नाव परजिल्ह्यांत लोक फसवाफसवीसाठीच घेतात, तेव्हा मला काही नवल वाटलं नाही. सूचना अशी होती की, यापुढे कागद कितीही जुना असो, त्याखाली देणाऱ्याचं नाव किंवा सही असेल तरच त्याला जुन्या कागदाचा मान द्यावा. यावर कोर्टांनी आपलं मत कळवावं.

न्यायाधीशांनी तो कागद माझ्यापुढे टाकला आणि म्हणाले, "रायर, हे तुमच्या घरचं काम दिसतं. लिहा."

मी आठ दिवस लिहीत होतो. आधी मराठीत लिहिलं, मग डबीवाल्यांनी त्याचं इंग्रजी केलं, आणि त्या इंग्रजीवरून आमची रोज भांडणं झाली. सही नसलेली पत्रं फेकून द्याल तर या जिल्ह्यातली निम्मी खरी पत्रं फेकाल आणि खोटी ठेवाल, असं मी बजावलं. खोटं करणारा माणूस सही आधी करतो. शेवटी मी एक वाक्य घातलं: "आमच्याकडच्या जुन्या पत्राखाली नाव नाही म्हणून संशय घेऊ नका, नाव असेल तर घ्या." या वाक्यावर मी भलताच खूश होतो. पोस्टात पडायच्या आधी ते सबंध कुंभकोणम्‌नं ऐकलं असेल.

अत्यानं मात्र ते ऐकलं नाही.

माझी अत्या तिरुविडैमरुदूरला राहायची. ऐन विशीत तिचा नवरा गेला. सासरे राजवाड्यात चाकरी केलेले, फार सज्जन. आपल्यामागं सुनेचं काय, या काळजीनं त्यांनी तिला एक पत्र दिलं होतं, की घराचे विहिरीकडचे दोन खण तिच्या हयातीपर्यंत तिचे. अत्याला वाचता येत नव्हतं. मी सात-आठ वर्षांचा असल्यापासून ती माझ्याकडून ते वाचून घ्यायची, आणि मी मोडी शिकलो तो त्या पत्रावर. चुकलो तर ती लगेच टोकायची, कारण पत्र तिला पाठ होतं. त्या दोन खणांत तिची विहीर होती, तुळस होती आणि तिच्या सोवळ्याची चूल होती. माहेरची द्वादशी सोडली तर दुसऱ्याच्या चुलीवरचं जेवायचं नाही, हा एकच हट्ट तिनं जन्मभर धरला होता. बाकी आयुष्यानं तिला हट्ट करायला वाव दिला नव्हता.

दर द्वादशीला ती सकाळच्या गाडीनं पारण्याला आमच्याकडे यायची. कौन्सिलचा कागद आला त्या महिन्यातलीच द्वादशी. मी पानावर बसलो होतो, माझी बायको वाढत होती, अत्या स्वयंपाकघराच्या दारात होती. मी कौन्सिलातल्या साहेबांचा आव आणून, आवाज जाड करून सांगत होतो, "खाली नाव नसेल तर कागद शंभर वर्षांचा का असेना, कोर्टात तो कवडीमोल."

अत्यानं विचारलं, "म्हणजे नाव नसेल तर कागद फुकटच का रे?"

"फुकट," मी त्याच आवाजात म्हटलं. "चुलीत घाला."

बायको हसली. अत्या आत गेली. त्यावर मी काय उत्तर देणार आहे, ते माझं लाडकं वाक्य, मी ताकभाताच्या वेळी सांगितलं, आणि तेव्हा अत्या परसात हात धूत होती. तिचं पत्र माझ्या मनातही आलं नाही. सबंध जिल्ह्याच्या पत्रांची काळजी वाहणारा मी, आणि ज्या पत्रावर अक्षर शिकलो तेच विसरलो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

वर्ष-दीड वर्ष गेलं. अत्याच्या दिरांचा मुलगा तिरुचिरापल्लीला रेल्वेच्या कचेरीत होता. त्याचं बिऱ्हाड वाढलं, म्हातारी आई आजारी पडली, आणि त्याला गावचं घर हवंसं झालं. वाईट माणूस नव्हता तो. "काकी, माझ्याबरोबर राहा, मी तुम्हांला अंतर देणार नाही, पण खण मोकळे करा," असं म्हणाला. अत्या म्हणाली, "मामंजींनी दिलंय ते मी सोडणार नाही." पत्र आहे हे त्याला माहीत होतं. ते खरं आहे यावर त्याचा विश्वास नव्हता. त्यानं कुंभकोणम्‌ला दावा लावला.

पहिल्याच तारखेला मी उठून सांगितलं की प्रतिवादी माझी सख्खी अत्या आहे, तेव्हा तिचा कागद दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावा. दुसरा माणूस आणायचा तर कुठून, असा प्रश्न पडला. तेव्हा पुतण्याचा वकील म्हणाला, "माझी हरकत नाही. रायर सख्ख्या बापाविरुद्धसुद्धा जे असेल तेच वाचतील." भरकोर्टात, विरुद्ध बाजूच्या वकिलानं हे म्हटलं. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

अत्याचे वकील डबीवालेच होते. पेटीतून काढलेला कागद त्यांनी पुढे ठेवला आणि मी तो न्यायाधीशांसमोर उघडला. वाचायची गरज नव्हतीच. डोळे मिटून म्हणता आला असता. वर मायन्यात सासऱ्यांचं नाव, आणि पुढे: "गंगाभागीरथी सूनबाईस आशीर्वाद उपरी विशेष. विहिरीकडील दोन खण, तुळशीवृंदावनासुद्धां, तुझे हयातीपर्यंत तुझे. पुढें कोणी हरकत करूं नये. बहुत काय लिहिणे." मी डोळे वर केले. माझ्या हिशेबी पत्र तिथं संपत होतं.

पण कागदावर ते संपत नव्हतं. त्या तीन शब्दांच्या खाली, ठसठशीत मोडीत, अत्याच्या सासऱ्यांचं नाव लिहिलेलं होतं.

मी नाव वाचलं. वाचणं भागच होतं, कागदावर होतं ते. डबीवाल्यांनी समाधानानं मान हलवली. इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदाच खाली नाव असलेला मोडी कागद मिळाला होता आणि व्याख्यानाची गरज पडणार नव्हती. न्यायाधीश म्हणाले, "छान, स्पष्ट आहे. दुपारनंतर भाषांतर शपथेवर द्या." आणि कोर्ट जेवणासाठी उठलं.

अत्या बाहेर चिंचेखाली बैलगाडीत पडदा लावून बसली होती. साक्षीला आणलेला एक म्हातारा खाली सावलीत उकिडवा बसला होता. हा राजवाड्यातला जुना कारकून, आता पट्टीश्वरम्‌ला राहणारा. त्यानंच तरुणपणी अत्याच्या सासऱ्यांसाठी ते पत्र लिहिलं होतं. मी गाडीपाशी गेलो तर अत्यानं पडद्यातून केळीच्या पानात बांधलेला दहीभात पुढे केला.

मी विचारलं, "अत्या, पत्राखाली नाव कोणी घातलं?"

"यांनी," ती पडद्यातून म्हाताऱ्याकडे बोट करून म्हणाली. अगदी सहज, एखादी कामाची गोष्ट वेळेवर उरकून ठेवल्याच्या सुरात. "तूच सांगितलंस की रे जेवताना. नाव नसेल तर चुलीत घाला म्हणून. मी पुढच्याच आठवड्यात पट्टीश्वरम्‌ला देवीला गेले आणि यांच्याकडून घालून घेतलं. तंटा नव्हता तेव्हा, पण म्हटलं, कागद आपला नीट असावा."

म्हाताऱ्यानं तर हात जोडून, अभिमानानं सांगितलं, "पत्र माझ्याच हातचं, रायर. यजमान सांगायचे, मी लिहायचो. त्यांच्या घरचं सगळं मीच लिहिलं. नाव तेवढं राहिलं होतं. शाईसुद्धा तशीच केली, काजळ आणि डिंक घोटून."

त्या दोघांना काही वावगं वाटतच नव्हतं. म्हाताऱ्याच्या दृष्टीनं त्याचा हात म्हणजे यजमानाचाच हात होता. जन्मभर त्यानं धन्याच्या वतीनं लिहिलं, आणि ते धन्याचंच म्हणून चाललं. मग तीन शब्दांखाली एक नाव जास्त लिहिलं तर त्यात खोटं काय? आमच्या लोकांखेरीज ही चूक कोणाकडून झाली नसती. तमिळ माणूस सही करतो, साहेब सही करतो, आणि दुसऱ्याची सही करणं म्हणजे काय ते दोघांनाही कळतं. आमच्या कारकुनाला ते कळणार कसं?

मी पान पुन्हा मिटलं. अत्या म्हणाली, "खा की. दही आंबट झालंय का?"

आता खरं सांगतो. मी गप्प बसलो असतो तर अत्या जिंकली असती. पत्र खरं होतं, त्यातला शब्द न् शब्द खरा होता. नाव आज घातलं की तेव्हा, हे त्या कोर्टात माझ्याशिवाय कोणाला कळणार नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुतण्याच्या वकिलाला तर मोडीतला म सुद्धा ओळखता येत नव्हता. दहीभाताचं पान हातात धरून मी त्या चिंचेखाली उभा राहिलो आणि विचार केला, की गप्प बसणं हे काही खोटं बोलणं नव्हे. हा विचार मी केला. तो मला पटला नाही. वीस वर्षं लोकांनी माझ्यावर भरवसा ठेवला होता तो मी खरं बोलतो म्हणून नव्हे, तर मला तपासणारं कोणी नव्हतं म्हणून. असा भरवसा एकदा मोडला तर मोडल्याचं कोणाला कळतही नाही, आणि मला ते माझ्यापुरतं चालण्यासारखं नव्हतं. शिवाय मला वाटलं, आणि हे मी मोठ्या विश्वासानं वाटून घेतलं, की खरं सांगूनही मी पत्र वाचवीन. माझ्या व्याख्यानाची आजवर हार झाली नव्हती.

दुपारी शपथ घेतली आणि सांगितलं, "पत्र खरं आहे. खालचं नाव नवं आहे."

डबीवाल्यांनी तोपर्यंत उघडलेली डबी पटकन मिटली. पुतण्याचा वकील मात्र उठला, आणि त्याच्या हातात कौन्सिलकडून छापून आलेली मतं होती. प्रत्येक कोर्टाला त्याच्या प्रती मिळाल्या होत्या. त्यानं माझंच वाक्य मला वाचून दाखवलं: नाव नाही म्हणून संशय घेऊ नका, नाव असेल तर घ्या. "हे आपलंच का?"

"माझंच," मी म्हटलं. "आणि आजही मी तेच म्हणतो. नावाचा संशय घ्या. पत्राचा घेऊ नका."

मग मी बोललो, आणि सांगायला हरकत नाही, चांगला बोललो. पुतण्यानं स्वतःच्या हक्कासाठी त्याच आजोबांची दोन पत्रं आणली होती. त्या पत्रांतले शेवटचे तीन शब्द आणि अत्याच्या पत्रातले तीन शब्द मी न्यायाधीशांना शेजारी शेजारी ठेवून दाखवले. तोच हात, 'बहुत'मधला 'त' तसाच लांबवलेला. न्यायाधीशांनी भिंग मागवलं. मान डोलावली. म्हाताऱ्याला बोलावून समोर चार ओळी लिहायला लावल्या. त्यानं लिहिल्या, आणि विचारताच सरळ सांगून टाकलं, "नाव गेल्या वर्षी मी घातलं. बाईंनी सांगितलं म्हणून." त्याला कोणी सांगितलं असतं तरी खोटं बोलता आलं नसतं.

आठ दिवसांनी निकाल आला. न्यायाधीशांनी लिहिलं होतं की पत्र मूळचं खरं असावं असं त्यांना वाटतं, ट्रान्सलेटरच्या प्रामाणिकपणाची ते नोंद घेतात, पण जिच्या ताब्यात कागद होता तिनं स्वतःच्या फायद्यासाठी त्यात जाणूनबुजून भर घातली, आणि असा कागद घेऊन तिला कोर्टापुढे उभं राहता येत नाही. नाव नसतं तर निकाल कदाचित वेगळा लागला असता, हेही त्यांनी लिहिलं. न्यायाधीश चांगले होते. नियम नियमाप्रमाणे होता. मी कोणाला दोष देत नाही, आणि तरी त्या दिवशी मला त्या प्रशस्त दालनातला एकेक माणूस नकोसा झाला होता.

निकाल इंग्रजीत. तो चिंचेखाली अत्याला मराठीत सांगायचं काम कोणाचं? माझंच. मी एक शब्द गाळला नाही. पडद्याआडून ती ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "सरी." तमिळ माणसं बरं म्हणायला म्हणतात तसं. मग तिनं विचारलं, तुळस मुळासकट काढून दुसरीकडे लावली तर जगते का? डबीवाले म्हणाले, वरच्या कोर्टात अपील करू, आशा आहे. अत्या म्हणाली, "नको. पुन्हा तोच कागद, आणि पुन्हा हाच वाचणार."

पुतण्याकडे ती गेली नाही. आमच्याकडे आली. स्वयंपाकघरात माझ्या बायकोनं तिच्यासाठी एक कोपरा सारवून वेगळी चूल मांडून दिली. पहिल्या दिवशी अत्या तिच्यापुढे बसली, मग म्हणाली, "आता एका घरात दोन चुली कशाला?" आणि उठली. जन्मभराचा तिचा एकच हट्ट होता, तो तिनं त्या सकाळी सोडला. तुळस जगली नाही. मला ती एका शब्दानं टाकून बोलली नाही, आणि बोलली असती तर बरं झालं असतं.

सहा-सात महिन्यांनी कलकत्त्याहून कळलं की कौन्सिलच्या कमिटीनं सगळी मतं वाचून ती सूचना सोडून दिली. जुन्या कागदाला सही लागणार नाही, कलम होतं तसंच राहील. कमिटीच्या अहवालात दक्षिणेकडच्या एका मोडी ट्रान्सलेटरच्या मताचा मुद्दाम उल्लेख होता. न्यायाधीशांनी मला बोलावून अभिनंदन केलं. बारनं कापी पाजली. मी केलेली ही एक गोष्ट जिल्ह्यातल्या कित्येक पेट्यांना पुरेल, हे मला तेव्हाही ठाऊक होतं, आणि आजही मी ते कमी लेखत नाही. पुन्हा तशी वेळ आली तर मी तेच मत लिहीन, आणि शपथेवर तेच सांगेन. फक्त जेवताना बोलणार नाही.

अहवाल घेऊन मी घरी आलो. अत्या मागच्या ओसरीवर वाती वळत होती. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे नाव नसतं तरी चाललं असतं?"

"चाललं असतं."

तिनं हातातली वात पुरी करून ठेवली. मग आत जाऊन पेटीतून पत्र घेऊन आली. कोर्टानं ते परत केलं होतं, पाठीवर शिक्का मारून. "वाच," म्हणाली, मी आठ वर्षांचा असताना म्हणायची तसंच. मी वाचलं. गंगाभागीरथी सूनबाईस आशीर्वाद, विहिरीकडील दोन खण, तुळशीवृंदावनासुद्धां, पुढें कोणी हरकत करूं नये, बहुत काय लिहिणे. सवयीनं मी खालच्या नावाकडे वळलो, तशी तिनं कागदावर हात ठेवला.

"पुरे," ती म्हणाली. "मामंजींचं एवढंच. त्याच्या खालचं तुझं आहे."